‘कान चांगले आहेत’

मी मोठ्याने बोलते. नातवंडं म्हणतात, "आजी, तू फोन ठेव आणि नुसतीच बोल, अमळनेरपर्यंत जाईल आवाज." त्यांचं हसणं मी मनावर घेत नाही. आमच्या घरात हळू बोललेलं कुणाला ऐकूच जात नव्हतं. माझे वडील अमळनेरकडचं गाव सोडून सुरतेला आले आणि पॉवरलूमवर लागले. लूमच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. तर वडील खात्यात जात, पाळी संपवून घरी येत आणि मग आईशी असे बोलत की शेजारच्यांना वाटावं भांडण चाललंय. ते बिचारे फक्त मीठ मागत असत.

पण खात्यात मात्र वडील अजिबात ओरडत नसत. तिथे ओरडून उपयोगच नाही. शंभर मशीन एका छपराखाली खडखडत असली की माणसाच्या तोंडातून निघालेला आवाज त्याच्या स्वतःच्याही कानापर्यंत पोचत नाही. म्हणून कारागीर ओठांनी बोलतात. शब्द आवाजाशिवाय, तोंड मोठं करून, सावकाश. जोडीला हाताच्या खुणा. शेठ येतोय हे सांगायची खूण वेगळी, धागा तुटलाय त्याची वेगळी, चहा आलाय त्याची तर लांबूनही कळते. एक खूण मात्र चेष्टेत कुणी करत नाही. दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनगटं एकमेकांवर टाकायची. म्हणजे, असशील तिथून मशीन बंद कर आणि धाव. कुणाचा हात, कुणाची ओढणी पट्ट्यात गेली असेल. ही खूण दिसली की शेठसुद्धा धावतो.

मी लहानपणी वडिलांचा डबा पोचवायला जायची, त्यामुळे ही बोली मला शाळेत जाण्याआधी आली. पुढे नर्सिंग केलं, महापालिकेच्या दवाखान्यांत नोकरी केली, आणि ही बोली विसरूनही गेले. निवृत्तीच्या आधीची काही वर्षं मी सुरतेतल्याच पर्वत पाटियाजवळच्या एका आरोग्य केंद्रात होते. तिथे ती मला पुन्हा लागेल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याचा ताप मोजला असता.

झालं असं, की आमच्याकडे एक नव्या डॉक्टरबेन आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, भावनगरच्या, बोलायला फार मऊ. त्यांनी आल्या आल्या एक नवीन पद्धत सुरू केली. बाहेरच्यांना ती समजावी म्हणून सांगते. काही मुलं वारंवार येतात. पोट दुखतं, पण पोटात काही सापडत नाही. डोकं दुखतं, डोळे चांगले. मोठं पोर अंथरूण ओलं करतं. काही बायकांची छाती धडधडते, ईसीजीची पट्टी काढली तर हृदय ठणठणीत. आपण गोळ्या देतो, ते परत येतात. डॉक्टरबेनचं म्हणणं असं, की अशा दुखण्याचं मूळ पुष्कळदा लहानपणी बसलेल्या एखाद्या धक्क्यात असतं, आणि तो धक्का कुणी विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. म्हणून वजन-उंचीसारखंच तेही प्रत्येकाला विचारायचं. घरात मारहाण होते का, उपाशी राहावं लागलं का, कुणी नको तसा हात लावला का, कोंडून ठेवलं का, डोळ्यांदेखत कुणाचा मृत्यू झाला का.

मला हे ऐकून पहिल्यांदा हसू आलं, खरं सांगते. आमच्या केंद्रात तपासणीची खोली आणि बाहेरची रांग यांच्यामध्ये एक पडदा. हिरवा, खालून वीतभर आखूड. डॉक्टरबेन हळू आवाजात विचारणार, समोरच्या लूमवाल्याला ऐकू येणार नाही, तो म्हणणार "काय?" मग मी तेच अहिराणीत मोठ्याने सांगणार, आणि रांगेतली सगळी माणसं कान टवकारणार.

तसंच झालं. एका आजीबाईंना विचारलं, लहानपणी तुम्हाला घरात कुणी मारायचं का? आजी डॉक्टरबेनकडे टक लावून पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुले नही मारं का कोनी? मंग तू डाक्टर कशी व्हयनी?" रांग पोट धरून हसली. एका कारागिराने तर प्रत्येक प्रश्नाला बाहेरच्या मित्राचा सल्ला घेतला. "घरमा कोन दारू पेस, सांगू का रे?" बाहेरून उत्तर आलं, "मनं नाव नको सांगू."

बाकी सगळे ‘नाही’ म्हणत. मारलं का, नाही. कोंडलं का, नाही. डॉक्टरबेन एकदा कंटाळून म्हणाल्या, "मालतीबेन, बधा ज ना पाडे छे." सगळेच नाही म्हणतात. म्हणजे एवढ्या मोठ्या वस्तीत कुणाच्याच लहानपणी काहीच झालं नाही.

मला वाईट वाटलं, कारण पोरगी मनापासून विचारत होती. आणि मग एके दिवशी बॉबिन भरणारी एक बाई समोर बसली होती, छातीत धडधडतं म्हणून आलेली. बॉबिनवाल्या बाया खात्यातच बसतात. मी सहज, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी तिला विचारलं, "लहानपणी कुणी त्रास दिला होता?" तिने पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहून तिनेही ओठांनीच उत्तर दिलं. बराच वेळ देत राहिली. काय सांगितलं ते इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. पडद्याबाहेर कुणाला काही कळलं नव्हतं. रांगेतून कुणीतरी विचारलं, "आत कोणी आहे की नाही?"

त्यानंतर मी खात्यातल्या माणसांना खात्याच्या बोलीत विचारू लागले, आणि ‘नाही’ म्हणणारे ‘हो’ म्हणू लागले. मला वाटलं होतं, मी ही माणसं ओळखते. यांच्यातच वाढले, यांची बाळंतपणं केली, यांच्या जखमा शिवताना यांचे हात धरले. मला काहीच माहीत नव्हतं. घरी जाऊन जेवायला बसले की एखादा चेहरा ताटात दिसायचा. नवरा म्हणायचा, हे तुझ्या वयाला झेपणारं काम नाही. त्याचं बरोबर असेलही, पण आता विचारणं थांबवायचं तरी कसं.

सरला आली ती या सगळ्यानंतर. तिशीच्या आतबाहेरची, शिरपूरकडची, पोटुशी. नवरा भटू खात्यात, आणि ही कापड मार्केटमागच्या एका गाळ्यात साड्यांचे सुटे धागे कापायला जायची. तपासायला आली होती ती स्वतःला, पण सोबत मुलीला आणलं होतं. कोमल, दहाएक वर्षांची, तेल लावून चापून घातलेल्या दोन वेण्या. नजर एकतर जमिनीवर, नाहीतर समोरच्याच्या तोंडावर.

"सिस्टर, हिले आयकाले येत नही," सरला म्हणाली. "माघून हाक मारी तं वळत नही. साळामा बाई बी तेच म्हनस."

मी विचारलं, जन्मापासून? नाही म्हणाली, दोनेक वर्षांपासून. त्यांची खोली पहिल्या मजल्यावर, खाली खातं आणि गल्लीच्या पलीकडेही खातं. लूमने कारागिरांचे कान जातात, हे आमच्याकडे प्रत्येकाला ठाऊक. भटूचे निम्मे गेलेलेच होते. लूमवर राहून पोरीचेही गेले, असं त्यांनी धरलं. मीही तेच धरलं.

"आते दिवाळीनंतर धाकलं येवाव शे," सरलाने पोटावर हात ठेवला. "मी कामले गऊ, अन् ते रडनं, तं हिले कसं समजी? तेवढे हिना कान ठीक करी द्या."

मला त्यात वावगं काही वाटलं नाही. दोघं कामावर गेली की थोरलं पोर धाकट्याला सांभाळतं, दाराला बाहेरून कुलूप असतं, किल्ली आईच्या पदराला. रस्त्यावर ट्रक फिरतात, खाली मशीन, पोरं उचलून नेण्याच्या गोष्टी रोज कानावर येतात. कुलूप म्हणजे काळजी. कुणाही आईला विचारलं असतं, पोराला कोंडता का, तर तिने मनापासून नाही म्हटलं असतं.

डॉक्टरबेनने कोमलला मोठ्या हॉस्पिटलात कान तपासायला पाठवलं. तिथे कानावर यंत्र लावतात, बारीक आवाज सोडतात, आणि ऐकू आला की मुलाने बटण दाबायचं. निकाल काय लागला ते मी तिथल्या तपासणाऱ्या मुलीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "सगळे आवाज ऐकले. अगदी बारीकसुद्धा. इतके चांगले कान आम्हाला रोज बघायला मिळत नाहीत."

मला इतका आनंद झाला. सरला आली तेव्हा मी पडद्याबाहेर जाऊनच तिला सांगितलं, माझ्या त्या आवाजात, "कान चांगले आहेत ग. काही झालेलं नाही तिला. सगळं ऐकू येतं."

सरलाचा चेहरा उतरला असं म्हणणं पुरेसं नाही. ती बाकावर बसली आणि म्हणाली, "नही. तुमी पुन्हा तपासा." मी म्हटलं, अग, चांगली बातमी आहे. ती म्हणाली, "नही सिस्टर. तिले आयकाले येत नही." आणि मुलीचा हात इतका घट्ट धरला की कोमलने तोंड वाकडं केलं. मी चाट पडले. बरे कान नको असलेली आई मी जन्मात पाहिली नव्हती.

डॉक्टरबेनने दोघींना आत घेतलं, पाणी दिलं. सरला बोलायला लागली तेव्हा ती आमच्याकडे बघतच नव्हती. कोमलला एक भाऊ होता. आठ महिन्यांचा. एक दिवस त्याचं अंग गरम होतं, पण त्या दिवशी गाळ्यावर न जाणं सरलाला जमलं नाही. औषध पाजून, कोमलजवळ देऊन, कुलूप लावून ती गेली. परत आली तेव्हा तो गार झाला होता. कोमल खिडकीशी उभी होती. गल्ली गोळा झाली. बायका पोरीला विचारू लागल्या, तो रडला असेल, तडफडला असेल, तुला ऐकू नाही आलं? झोपली होतीस? कोमल काही बोलेना. आणि त्या सगळ्यांच्या मध्ये उभी राहून सरला म्हणाली होती, "तिले आयकाले येत नही."

तिच्या तोंडून ते तेव्हा पहिल्यांदा निघालं. आई आपल्या पोरीवर पांघरूण घालत होती. झोपली म्हटलं तर पोर गुन्हेगार ठरते, बहिरी म्हटलं तर सुटते. मग तेच ती सगळ्यांना सांगत गेली, नवऱ्याला, शाळेतल्या बाईंना, शेवटी स्वतःलाही. आणि कोमलने ते उचललं. आईने दिलेली एकच सुटका होती, ती कशी सोडणार? मागून हाक आली तरी तिने वळायचं बंद केलं.

आणि मी भरल्या रांगेसमोर ओरडून सांगितलं होतं की हिला सगळं ऐकू येतं.

डॉक्टरबेनने माझ्याकडे पाहिलं. मी स्टूल ओढून कोमलच्या समोर बसले. तिची नजर माझ्या ओठांवर होतीच. बापाचा डबा ही पोचवत असणार, हे मला तोवर सुचलं नव्हतं, याचं आश्चर्य वाटतं. मी आवाज न काढता विचारलं, "त्या दिवशी तू काय केलंस?"

सरलाला ही बोली येत नव्हती. ती लग्न होऊन गावाकडून आलेली, खात्यात तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिला वाटलं मी कानच तपासतेय.

कोमलने ओठ हलवले. "भाऊ हातपाय झाडत होता, डोळे वर गेले होते. मी दार वाजवलं. मी हाका मारल्या. खाली मशीन चालू होतं. कुणी आलं नाही. मग मी खिडकीत गेले."

मी विचारलं, "खिडकीतून काय दिसतं?"

"पप्पा," तिचे ओठ म्हणाले.

गल्ली अशी अरुंद, की समोरच्या खात्याच्या उघड्या खिडकीतून भटूचं मशीन तिला रोज दिसायचं. ती गजांशी उभी राहिली होती आणि तिने बापाला खूण केली होती. तिने मला ती करून दाखवली. दोन्ही हात डोक्यावर, मनगटं एकमेकांवर. सरलासमोर, त्या आखूड पडद्यामागे, दहा वर्षांच्या पोरीने ती खूण केली आणि माझं शरीर बसल्या जागी धावायला निघालं. लहानपणची सवय. मी खरंच अर्धी उठले होते.

"मग?" मी विचारलं.

"पप्पांची पाठ होती," तिचे ओठ म्हणाले. "मी हात खाली नाही केले. आई आली तोपर्यंत नाही केले. ते वळले असते तर दिसलं असतं."

सरला माझ्या तोंडाकडे, मग पोरीच्या तोंडाकडे बघत होती. "काय म्हनस ती?" तिने विचारलं. "सिस्टर, काय म्हनस ती?"

मी कशीबशी एवढंच म्हणाले, की तिला ऐकू आलं होतं आणि तिने जे करायचं ते सगळं केलं होतं. सरला पुटपुटली, "तिले आयकू उनं व्हतं?" मी हो म्हटलं. बापाच्या पाठीचं मात्र सांगितलं नाही. ते आधी बापाला कळायला हवं होतं, असं मला वाटलं, आणि नंतर मी सगळं सांगितल्यावर डॉक्टरबेनलाही तसंच वाटलं.

दोन दिवसांनी भटू आला, सरला आणि कोमल आधीच येऊन बसल्या होत्या. तो पाळी संपवून थेट आलेला, केसांत कापसासारखे धाग्यांचे तंतू. डॉक्टरबेन त्याला हळुवारपणे समजावायला लागल्या आणि तो दर वाक्याला "काय?" म्हणायला लागला. त्यांनी हताश होऊन माझ्याकडे बघितलं. बाहेर रांग भरलेली. मी भटूला खांद्याला धरून माझ्याकडे वळवलं आणि ओठांनी सांगितलं. तुझ्या पोरीला ऐकू येतं. त्या दिवशी तिने खिडकीतून तुला धावायची खूण केली. तुझी पाठ होती.

एखाद्याला हे कसं सांगावं हे कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. तो पुन्हा सांगा म्हणाला नाही. एकदाच समजलं. सरला एका बाजूला उभी, तिला अजून काही कळलेलं नव्हतं. भटू कोमलकडे वळला. त्याने स्वतःचे दोन्ही हात डोक्यावर नेले, मनगटं एकमेकांवर ठेवली आणि भुवया उंचावून तिला विचारलं, हे केलंस? कोमलने मान हलवली.

तो काही वेळ तसाच हात वर करून उभा राहिला. मला धास्ती पडली, आता हा स्वतःचं डोकं भिंतीवर आपटतो की काय. मग तो बोलला, निम्मे कान गेलेला माणूस बोलतो तसा, मोठ्याने. पडद्यापलीकडे रांग होती, रांगेत त्यांच्या गल्लीतल्या बायाही होत्या.

"पोरले आयकाले येस," तो म्हणाला. "पोर हाका मारी मारी थकनी. खिडकीमा उभी व्हती. मनी पाठ व्हती. मनी पाठ व्हती."

ज्या बायांनी पोरीला झोपाळू म्हटलं होतं त्यांनी ते ऐकलं, औषध वाटणाऱ्याने ऐकलं, दारावरच्या वॉचमनने ऐकलं. इतके दिवस आवाज पडद्याबाहेर जाऊ नये म्हणून मी धडपडत होते, आणि आज बाहेर गेलेला आवाज पहिल्यांदा कुणाच्या तरी कामी आला. सरला भिंतीला टेकून खाली बसली आणि कोमलला तिने पोटाशी ओढलं, त्या मोठ्या पोटाशी. भटू त्यांच्याजवळ गेला नाही. तो पडद्याकडे तोंड करून उभाच होता.

पुढचं सांगायला सोपं, करायला अवघड. डॉक्टरबेनने कोमलला मोठ्या हॉस्पिटलात मुलांशी बोलणाऱ्या बाईंकडे पाठवलं, आणि वेळ लागेल हे आधीच सांगून ठेवलं. दाराचा कडी-कोयंडा भटूने स्वतः उखडून आणून मला दाखवला, जणू मी पावती देणार होते. बाळाला सांभाळायला गल्लीतली एक म्हातारी तयार झाली. आणि आमच्या प्रश्नांत डॉक्टरबेनने एक प्रश्न माझ्या सांगण्यावरून वाढवला. ‘कधी हाक मारली आणि कुणी आलं नाही, असं झालंय का?’ यावर सहसा कुणी लगेच ‘नाही’ म्हणत नाही. थांबतात. मी निवृत्त होईपर्यंत तो प्रश्न विचारला, आणि उत्तर ऐकायची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही.

सरलाला मुलगी झाली. पहिल्या लसीला सगळं कुटुंब आलं. भटू पाळी बुडवून आला होता, पण गर्दी म्हणून आम्ही त्याला बाहेर अंगणात थांबायला सांगितलं. सरलाच्या मांडीवर बाळ, दारात कोमल. मी सुई टोचली. बाळाने श्वास रोखला आणि मग जी काय बोंब ठोकली, की रांगेतले सगळे हसले. लसीला रडतातच पोरं.

कोमल हसली नाही. ती दारातून बाहेर वळली आणि तिचे दोन्ही हात डोक्यावर गेले, मनगटं एकमेकांवर. मी सिरिंज हातात धरून पाहत राहिले. "अग, काही नाही झालं," असं म्हणायला तोंड उघडलं, तोच भटू माणसं बाजूला सारत आत आला, चपला बाहेर कुठेतरी सुटलेल्या. तो आल्यापासून अंगणात दाराकडे तोंड करूनच उभा होता.